परत आलेली तेवीस पुस्तकं

गुरुवारी संध्याकाळी मुलीने एका पत्राची छापील प्रत माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि सोमवारी दुपारी बारापर्यंत उत्तर द्यायचं आहे असं सांगितलं. पत्र जपानमधल्या एका वृद्धाश्रमाचं होतं. ती नर्सिंग शिकलेली. दोन वर्षं कल्याणच्या एका रुग्णालयात नोकरी करत होती, आणि ती सांभाळून तिने सव्वा वर्ष जपानी भाषेचा क्लास केला होता, परीक्षाही दिल्या होत्या. तिकडे तिला तीन वर्षांचं काम मिळालं होतं. तिची आई हो म्हणून मोकळी झाली होती. राहिलो होतो मी. चोवीस वर्षांच्या मुलीला बापाची परवानगी कायद्याने लागत नाही, पण तिला तिकडे पाठवणाऱ्या एजन्सीच्या फॉर्मवर घरच्यांच्या संमतीचा एक चौकोन होता, आणि त्या चौकोनापेक्षाही मुलीचं बोलणं मला जड गेलं.

"तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही जाणार, बाबा," ती म्हणाली. "पण का नाही, ते सांगावं लागेल."

का नाही, ते माझ्याकडे वहीत लिहिलेलं होतं.

मी दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये स्टॉक बघतो. गोडाऊन पुस्तकांचं आहे. सतरा वर्षं खोकी, रॅक आणि त्यातल्या प्रती मोजण्यात गेली, त्यामुळे मोजल्याशिवाय मला काही लक्षात राहत नाही, वाचलेलं तर नाहीच. गेल्या सहा वर्षांत मी तेवीस जपानी कादंबऱ्या वाचल्या. दोन मराठी अनुवादातून, बाकी इंग्रजीतून, शब्दकोश शेजारी ठेवून, आठवड्याला अठरा पानं. प्रत्येक पुस्तकाची एक ओळ आणि सहा रकाने: पानं, माणसं, मेलेली माणसं, त्यांतली आपल्या हाताने जीव देऊन गेलेली, एकट्याने बसून जेवण्याचे प्रसंग, आणि बाप व मूल एकमेकांशी बोलतात ती वाक्यं. शेवटचा रकाना तिसऱ्या पुस्तकानंतर वाढवला. त्या पुस्तकात एक बाप दोनशे अठरा पानांत मुलाशी नऊ वाक्यं बोलतो, आणि त्यातली चार हवामानाबद्दल असतात.

ही पुस्तकं मला मिळाली रिटर्नच्या टेबलावरून. लोक ऑनलाइन पुस्तक मागवतात आणि कोपरा दुमडला म्हणून, पान उसवलं म्हणून किंवा नुसतंच आवडलं नाही म्हणून परत पाठवतात. पुन्हा विकण्याजोगं असेल ते रॅकवर चढतं, बाकीचं लगद्याला जातं. लगद्याच्या ढिगातून चिठ्ठी लिहून एखादं घरी न्यायला आमच्याकडे मुभा आहे. पहिलं मी उचललं ते चहा सांडलेलं होतं. उचलायचं कारण एवढंच की पानं एकशे बेचाळीस होती आणि माझ्या इंग्रजीला तेवढी झेपतील असं वाटलं. त्यात एका बाईचा नवरा वारतो आणि ती त्याच्या चपला दाराबाहेर तशाच ठेवते, रोज पुसते. शेवटपर्यंत तेच. मी चिडलो. त्याआधी मी मराठी कादंबऱ्या वाचल्या होत्या, मोठाले रशियन अनुवाद वाचले होते. तिथे बाई निदान कपाळ आपटून घेते. पण त्या चपला पुढचे पंधरा दिवस माझ्या डोक्यातून गेल्या नाहीत, म्हणून दुसरं पुस्तक उचललं.

तेवीस पुस्तकांनंतर माझी काही मतं झाली. ती चुकीची असतील, पण उसनी नाहीत. जुन्या पिढीचे जपानी लेखक सौंदर्याला इतकं जपतात की माणसाला हात लावायला भितात. एक फांदी दीड पान, आणि मेलेल्या मुलीचा उल्लेख अर्ध्या ओळीत. त्यांच्यानंतरचे पुरुष लेखक मला ऐदी वाटतात. बायको निघून जाते, आणि नवरा तिला शोधायचं सोडून स्वैपाक शिकतो. आजच्या लेखिका मात्र मी कुणाच्याही शेजारी ठेवीन. त्यांना कामाची जागा माहीत आहे. शिफ्ट कधी बदलते, गणवेशाचा कुठला भाग आधी विरतो, वरिष्ठ आला की खुर्चीत कसं सावरून बसतात, हे त्या न बघता लिहीत नाहीत. आमच्या कादंबरीत माणूस नोकरीला निघतो आणि पुढच्या परिच्छेदात घरी परतलेला असतो. मधले नऊ तास कुणी लिहिलेले माझ्या तरी वाचनात नाहीत. मांजर आणि कॉफीच्या दुकानाची जी गोडगोड पुस्तकं हल्ली खोक्याखोक्यांनी जातात, त्यांतलं एकच माझ्या हाती लागलं, कारण ती फारशी परत येतच नाहीत. शेवटाच्या बाबतीत सगळेच सारखे. मराठी कादंबरीच्या शेवटी कुणीतरी रडतं, रशियन कादंबरीच्या शेवटी कुणीतरी देवाशी भांडतं, जपानी कादंबरीच्या शेवटी कुणीतरी उठून खिडकी लावतं.

हे सगळं मला आवडत होतं. वाचायला आवडणं वेगळं आणि त्या गावात मुलगी पाठवणं वेगळं.

शुक्रवारी रात्री जेवताना मी वही उघडली. बेरीज आदल्या दिवशीच करून ठेवली होती. तेवीस पुस्तकं, एकतीस मृत्यू, त्यांतले नऊ आपल्या हाताने. एकट्याने जेवण्याचे चौसष्ट प्रसंग. बाप आणि मुलाची वाक्यं, एका पुस्तकामागे सरासरी अकरा. हे मी एकेक रकाना घेत, आवाज न चढवता वाचून दाखवलं आणि म्हणालो की ही माझी कल्पना नाही, त्यांच्याच माणसांनी लिहून ठेवलेलं आहे. तू तिथे म्हाताऱ्यांच्या खोल्यांत दिवस काढणार, आणि संध्याकाळी एका खोलीत एकटी.

मुलीने सगळं ऐकलं. तोंडातला घास तिने बराच वेळ चावला.

"लोक बस पकडतात, भाजी आणतात, शेजारणीशी बोलतात, त्याचा रकाना नाही का यात?"

"ते कादंबरीत येत नाही," मी म्हणालो.

ती उठली आणि ताट धुऊन पालथं घातलं. बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "सहा वर्षं घरात जपान कुणी आणला? पिशवीतून काढून काढून आम्हाला कोण सांगत होतं, त्यांचं असं असतं नि त्यांचं तसं असतं? मी आणला का? आता पोरगी निघाली तर दाराला कडी."

मी म्हणालो, मी पुस्तकं आणली, जपान नाही. ती म्हणाली, मग पुस्तकं धरून बसा, पोरीला जाऊ द्या.

मुलगी रोज सकाळी पाठांतर करायची. फ्रिजच्या दारावर तिने जपानी अक्षरांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, प्रत्येकीखाली बारीक मराठीत अर्थ: भात, हात, पाणी, दुखतं का, हळू उठा. त्यातली दहा-बारा अक्षरं दूध काढता काढता मलाही ओळखू यायला लागली होती. शनिवारी सकाळी फ्रिजचं दार कोरं होतं. चिकटपट्टीचे डागसुद्धा तिने पुसले होते. मी दूध काढलं, दार लावलं. खरं सांगायचं तर तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. माझं म्हणणं तिला पटलं, असा त्याचा अर्थ मी लावला. नेहमीसारखं तिला स्कूटरवरून, कल्याणची बस मिळते त्या कल्याण नाक्याला सोडलं. ती मागे अंतर ठेवून बसली होती, हात माझ्या खांद्यावर नव्हता. उतरताना तिने डबा पिशवीत नीट केला आणि गेली.

त्या दिवशी गोडाऊनमध्ये एक प्रकरण निघालं. आमचा नवा सुपरवायझर एका प्रकाशकाला मेल लिहीत होता की तुमच्या नव्या लॉटची बांधणी कच्ची आहे, सगळा माल परत न्या. त्याच्या पुढ्यात तीस-चाळीस प्रती होत्या आणि जवळपास प्रत्येकीचा कणा सुटलेला. तो म्हणाला, "सर, खुद देखो, एक भी सही नहीं है। पूरा लॉट ही ऐसा होगा।"

मी त्याला थांबवलं. गोडाऊनमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी जी गोष्ट सांगतो, तीच त्यालाही सांगितली. रिटर्नच्या टेबलावरून लॉटचा निकाल लावायचा नाही. चार हजार प्रती बाहेर गेल्या, चाळीस परत आल्या. जे बिघडलं तेच इथे येतं, जे ठीक आहे ते लोकांच्या घरात असतं आणि तुला कधीच दिसणार नाही. लॉट बघायचा असेल तर रॅकवर जा, मधली चार खोकी फोड, तिथे मोज, आणि मग लिही. त्याने मान डोलावली आणि मेल पुसली. मी आवाज जरा मोठाच ठेवला होता, आसपासच्यांनीही ऐकावं म्हणून.

रिटर्नच्या टेबलावर वळ गावची एक बाई काम करते. बारा वर्षं झाली. तिला इंग्रजी वाचता येत नाही. पुस्तक हातात घेऊन कणा, चारी कोपरे आणि शिलाई बघते आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे टाकते. तिचा हात चुकलेला मी बघितलेला नाही. मुलीच्या पत्राचं आणि माझ्या वहीचं तिला माहीत होतं, कारण शुक्रवारी दुपारी डबा खाताना मीच सगळे रकाने तिला ऐकवले होते, जरा अभिमानानेच. सुपरवायझर गेल्यावर तिने हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"भाऊ, ती तुमची जपानची पुस्तकं कुटली वो?"

मी म्हणालो, कुठली म्हणजे? इथलीच.

"इथली म्हंजी या टेबलावरची."

"हो."

"बारा वर्सं मी फाटकीच पुस्तकं बगते," ती म्हणाली. "म्हनून मी कदी बोलले का, का दुनियेतली पुस्तकं फाटकीच हायेत?"

तिने पुढचं पुस्तक उचललं आणि कणा बघायला लागली. जवळ उभ्या असलेल्या दोघी हसल्या. तीही थोडी हसली आणि म्हणाली, आता त्या साहेबाला शिकवलंत ते घरी जाऊन सोताला पन शिकवा. मी जागेवर जाऊन बसलो. सतरा वर्षं जो नियम मी प्रत्येकाला शिकवला, तो मोडून मी मुलीच्या आयुष्याचा निकाल लावला होता, आणि वर बेरीज बरोबर आहे म्हणून निर्धास्त झालो होतो. बेरीज बरोबरच होती.

त्या दुपारी डबा उघडला नाही. आधी स्वतःची बाजू सावरायचा प्रयत्न केला. चहा सांडला म्हणून परत आलेलं पुस्तक आतून काही वाईट नसतं. म्हणजे माझा नमुना सगळाच काही बिघडलेला नव्हता. पण मग ती मांजरांची पुस्तकं आठवली. ती हजारोंनी जातात, लोकांना आवडतात आणि लोकांच्याच घरी राहतात. त्यांतलं माझ्या वहीत एक. लोकांना जड गेलेली, नकोशी झालेली बावीस. आणि त्याहून पुढचं म्हणजे कादंबरी लिहिणाराही एका अर्थी रिटर्नच्या टेबलावरच बसलेला असतो. जे सुरळीत गेलं ते त्याच्यापर्यंत येत नाही, आलं तरी त्याच्या कामाचं नसतं. मी नमुन्याच्या नमुन्यावरून देश मोजला होता.

खात्री करायची म्हणून शनिवारी संध्याकाळी घरच्या फळीवरच्या मराठी कादंबऱ्या काढल्या. अकरा होत्या. सगळ्या वाचलेल्या होत्या, त्यामुळे चाळून रकाने भरायला दोन तास पुरले. अकरा पुस्तकांत बावीस मृत्यू. आपल्या हाताने गेलेले सात. बाप आणि मूल बोलतात पुष्कळ, पण निम्मं भांडण. या आकड्यांवर विश्वास ठेवला तर महाराष्ट्रात कुणी राहूच नये. आणि माझ्यासारखा, शेलारला राहणारा, दापोड्यात स्टॉक मोजणारा, सव्वासहाला सुटून येताना कोथिंबीर आणणारा माणूस त्या अकरांत कुठेच नव्हता. बायको दारातून बघत होती. काय करताय विचारलं नाही. तिने दिवा लावून दिला आणि गेली.

तरीही हो म्हणायला तोंड उघडत नव्हतं. आकडे चुकीचे ठरले म्हणून भीती खोटी ठरत नाही. भीतीला आता पुरावा उरला नव्हता, एवढंच, आणि पुरावा नसलेली भीती जास्त त्रास देते. तिला खोडता येत नाही.

रविवारी मुलीची दुपारची ड्युटी होती. सकाळी ती गच्चीवर गणवेश वाळत घालत होती. मी वही घेऊन वर गेलो आणि म्हणालो, हे आकडे धरू नकोस, माझी चूक झाली. कशी झाली तेही सांगितलं, रिटर्नच्या टेबलासकट. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. ओला गणवेश तिने दोरीवर टाकला, बाह्या सरळ केल्या.

"आकड्यांचं राहू दे. तुम्हाला नक्की भीती कसली वाटते?"

वहीत बघून सांगता येईल असं ते नव्हतं. मी म्हणालो, "तू एकटी जेवशील याची."

तिने दोरीला चिमटा लावला.

"मी आत्ता कुठे जेवते, माहीत आहे तुम्हाला?"

"हॉस्पिटलात."

"कपडे बदलायच्या खोलीत. उभ्याने. डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून. कधी सात मिनिटं मिळतात, कधी पाच. दोन वर्षं झाली, बाबा. रोज मला तुम्हीच नाक्यावर सोडता."

मी विचारलं, सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, कुणी विचारलं नाही. रागाने नाही म्हणाली. वॉर्डमधल्या म्हाताऱ्यांशी बोलते तशी म्हणाली, आणि ते मला जास्त लागलं.

शेलारपासून कल्याण नाका स्कूटरवर बारा मिनिटं. मी मनात हिशेब करायला लागलो, कारण दुसरं काही सुचेना. आठवड्याचे सहा दिवस, दोन वर्षं, सुट्ट्या वजा करून साडेपाचशेच्या वर फेऱ्या. प्रत्येक फेरीत माझी वाक्यं तीन: हेल्मेट घातलंस का, डबा घेतलास का, सुटलीस की फोन कर. ज्या बापाच्या नऊ वाक्यांसाठी मी वहीत वेगळा रकाना आखला होता, त्या बापाला मी सहा वर्षं नावं ठेवत होतो. एकूण बेरजेत मी त्याच्या पुढे असेन. पण हवामानाच्या वरचं माझं एकही वाक्य नव्हतं.

"मलाही भीती वाटते," ती म्हणाली. "मी फक्त रकाने नाही पाडले."

मग मी मला येतं ते काम केलं. करार मागून घेतला आणि गच्चीच्या पायरीवर बसून ओळ न् ओळ वाचला. जेवणाची सुट्टी एक तास. राहायला सहा मुलींत एक स्वैपाकघर. मला हवं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी तिला आधी तिथे गेलेल्या कुणाला तरी विचारायला सांगितलं, की जेवायच्या वेळी आधीच्या पाचजणी एकत्र बसतात का. तिने तिथेच फोन लावला. पलीकडे सांगलीकडची एक मुलगी होती. ती म्हणाली, दोघी बसतात, दोघी खोलीत नेतात, एकीची कायम रात्रपाळी असते. मुलीने फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. हे उत्तर ना इकडचं होतं ना तिकडचं, आणि मला ते माझ्या सगळ्या बेरजांपेक्षा खरं वाटलं.

"बसणाऱ्या दोघींत तू तिसरी हो," मी म्हणालो.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. चौकोनात सही केली. अकरा वाजून वीस मिनिटांनी तिने उत्तर पाठवलं, आणि बायकोने, कुणी काही म्हणायच्या आत, शेवया किती किलो न्यायच्या याचं बोलणं सुरू केलं.

ती तिकडे गेली त्याला आता आठ महिने झाले. आमच्याकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा तिच्याकडे साडेबारा झालेले असतात. मी गोडाऊनवर पोचलेलो असतो, ती जेवायला बसलेली असते. आठवड्यातून तीनदा, कधी चारदा ती फोन बाटलीला टेकवून जेवते आणि मी चहा घेतो. काय जेवलीस, शेजारी कोण बसलंय, आज कोण पडलं, कोण रडलं, हे मी आता विचारतो. सुरुवातीला प्रश्न आठवून ठेवावे लागायचे. वळची बाई येता-जाता स्क्रीनमध्ये डोकावते आणि बारीक झालीस गो, एवढं म्हणून जाते. ज्या दिवशी फोन येत नाही, त्या दिवशी साडेनऊपर्यंत माझ्याकडून एकही खोका नीट मोजला जात नाही.

गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी ती तिथल्या पुस्तकांच्या दुकानात गेली होती. एका कपाटाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, हे फक्त एक कपाट, मोजा. मी फोटो मोठा करून मोजलं. नऊ फळ्या, फळीत साधारण चाळीस. तीनशे साठ. मागे अशी कपाटं भिंतीपर्यंत गेलेली दिसत होती आणि त्यांच्या मधल्या वाटेत, पाठमोरी, एक बाई पिशवीतून वर आलेली कांद्याची पात सांभाळत पुस्तक चाळत उभी होती.

चोविसावं पुस्तक मी रॅकवरून विकत घेतलं, कोरं. माझी पावती बघून वळच्या बाईने विचारलं, आता चांगला माल वाचनार वाटतं? मी हो म्हणालो. वहीत त्याची ओळ अजून लिहिलेली नाही. एकशे दहा पानं झाली आहेत, आणि त्यातला बाप अजून काही बोललेला नाही.